मुका पट्टा

मुकादम सकाळपासून काकीच्या आसपास घोटाळत होता. आधी पिंपापाशी थांबून त्याने तहान नसताना पाणी प्यायलं, मग ट्रकच्या टायरला लाथ मारून हवा बघितल्यासारखं केलं, मग आभाळाकडे बघून उगाच डोळे बारीक केले. काकी लोखंडी पाइपांच्या ढिगावर चढून कडांना जुन्या टायरचे तुकडे लावत होती, पट्टा कापला जाऊ नये म्हणून. तिने वरूनच विचारलं,

"काय रे, पोटात कळ आलीये का?"

"नाही काकी."

"मग दिवस भरल्यासारखा येरझाऱ्या का घालतोयस? बोल आणि मोकळा हो."

मुकादम मोकळा झाला, पण काकीकडे न बघता. पाइपांच्या कारखान्यातल्या साहेबांचा निरोप होता. यापुढे ट्रकवरचा माल एकट्या माणसाने बांधायचा नाही. दोन बाजूंना दोन माणसं उभी पाहिजेत. काकीने उद्या सकाळपर्यंत जोडीदार निवडायचा.

"आणि नाही निवडला तर?"

"तर मग घरी आराम करायचा. असं मी नाही म्हणत हां, ते म्हणतात."

"ते म्हणतात आणि तू पोपटासारखा घोकून येतोस." काकी खाली उतरली. उतरताना गुडघा करकरला, तो तिने खोकून लपवला. "मी एकटी बांधायला लागल्यापासून एक तरी पाइप रस्त्यावर पडला? एक सांग. घेऊन ये त्या पाइपाला माझ्यासमोर, बघतेच त्याच्याकडे."

मुकादमाने ड्रायव्हरांकडे बघितलं. चहा पीत उभ्या असलेल्या ड्रायव्हरांनी आपापल्या चपलांकडे बघितलं. ते काकीने आपल्या जिंकण्यात धरलं.

"आज मी लेकीकडे चाललेय, तिचं नवीन घर बघायला. उद्या येऊन सांगते तुला. काय सांगणार ते तुला आत्ताच कळलंय, पण तरी वाट बघ. तेवढीच तुझी झोप उडेल."

काकीचं काम बाहेरच्या माणसाला सोपं वाटायचं. कारखान्यातून पाइप यायचे, क्रेन ते ट्रकवर रचायची. हे ट्रक बिनफाळक्यांचे. नुसती सपाट लांबलचक पाठ आणि खाली चाकं, कडेला आधार म्हणून काही नाही. त्यावर माणसाच्या डोक्याच्या वर जाईल असा काळ्याशार पाइपांचा ढीग. तळाच्या पाइपांखाली लाकडी पाचरी ठोकायच्या आणि मग ढिगावरून आडवे पट्टे टाकायचे. पट्ट्याच्या एका टोकाला हूक, दुसऱ्या टोकाला दातेरी खटका. खटक्याचा दांडा वरखाली केला की कडकड वाजत पट्टा ताणला जातो. एवढंच ते. पण मधे ढीग असतो, त्यामुळे अलीकडच्या माणसाला पलीकडचा दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

काकी आणि काका ही त्या ट्रकच्या अड्ड्यावरची जुनी जोडी. अंगावरचं लग्नाचं नवेपण उतरायच्या आत काकीने पट्टा हातात घेतला होता. ती रस्त्याच्या बाजूला, काका पलीकडे अड्ड्याच्या भिंतीच्या बाजूला. एका पट्ट्याचा खटका तिच्याकडे, पुढच्याचा त्यांच्याकडे, असं आलटून पालटून. का, ते काकी नव्या माणसाला सांगायची तेव्हा आजूबाजूचेही ऐकत उभे राहायचे. "घरी दोघांत एक चादर असली आणि एकाच अंगाने ओढली, तर दुसऱ्याचे पाय उघडे पडतात की नाही? पट्ट्याचं तेच आहे. तो कडेवर घासतो, ओढ तिथेच मरते, पलीकडे पोचत नाही. म्हणून दोन्हीकडून ओढायचं. समजलं? नसेल समजलं तर लग्न कर, समजेल."

ताणून झालं की दोघं आपापल्या बाजूने प्रत्येक पट्ट्यावर तळहात मारायचे. नीट ताणलेला पट्टा घुमतो. मग हाक द्यायची, "बोलला!" नाही घुमला तर, "मुका!" मुका निघाला की ज्याच्याकडे खटका असेल त्याने आणखी ताणायचा. दोन्ही बाजूंनी सगळे बोलले की ड्रायव्हरने गाडी चालू करायची, त्याच्या आधी नाही.

काका घरात अगदी अबोल. काकी दोघांच्या वाटचं एकटीच बोलायची. कामावर मात्र त्यांचा आवाज पाइपांपलीकडून दिवसभर यायचा. दोनच शब्द होते ते, पण दिवसातून इतक्या वेळा उत्तर देणारा नवरा तुमच्यापैकी कुणाचा आहे, दाखवा, असं ती शेजारणींना ठणकावून विचारायची. त्यातला "मुका" मात्र तिला सोसायचा नाही.

"काय म्हणालात?"

"मुका."

"कान तपासा आधी!" असं म्हणत ती रागाने दोन दात जास्तच चढवायची. आणि मग पलीकडून यायचा, हसू दाबून ठेवलेला, "बोलला."

एका सकाळी काका उठलेच नाहीत. आदल्या संध्याकाळी गळक्या नळावरून दोघांचं वाजलं होतं आणि "उद्या बघते तुमच्याकडे" म्हणून काकीने उरलेलं भांडण राखून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. नळही तसाच राहिला. त्याच्याखाली ती भांडं ठेवायची आणि भरलं की ओतायची.

मुकादमाने जोडीदार दिले नाहीत असं नाही. पहिल्याला काकीने "हे हात आहेत की ओले टॉवेल?" म्हणून पळवलं. दुसरा घटकेघटकेला घड्याळ बघायचा. त्याला "तुझी गाडी चुकत असेल, जा" म्हणून कायमचा धाडला. तिसरा चांगला भरल्या अंगाचा, मध्यम वयाचा, काम करता करता गुणगुणायचा. काकीने त्याचं नाव बुलबुल ठेवलं. नाव अड्ड्यावर राहिलं, माणूस मात्र तिने गोदामात घालवून दिला. खरं सांगायचं तर बुलबुलचं काम चोख होतं. पण त्याने भिंतीच्या बाजूने पहिल्यांदा "बोलला!" अशी हाक दिली आणि काकीच्या हातातला दांडा जागच्या जागी थांबला. शब्द तोच, आवाज दुसरा. कुणी परक्याने घरात शिरून नवऱ्याचा सदरा घालून बसावं, तसं तिला झालं. "ही मैफल नाही," एवढंच ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून एकटी बांधायला लागली.

भिंतीच्या बाजूला जायचं, मान खाली घालून सगळे हूक झपाझप अडकवायचे, पायाखाली निखारे असल्यासारखं. पट्टे वरून अलीकडे टाकायचे. मग आपल्या बाजूला येऊन सगळेच्या सगळे खटके इथेच ताणायचे, घाम फुटेस्तोवर. आणि आपल्याच बाजूने एकेकावर हात मारायचा. सगळे घुमायचे. "झालं रे, काढ गाडी." भिंतीकडून हात मारायचा तेवढा राहून जायचा. तिथे हात मारला तर शब्दही म्हणावा लागला असता, आणि तिथला शब्द तिचा नव्हता.

घरी पलंगावरही तसंच. काकांच्या बाजूला धुतलेल्या कपड्यांचा ढीग. कपाट रिकामं होतं, घड्या घालायला वेळही होता. पण ढीग पलंगावरच असायचा. कूस बदलली की हाताला काहीतरी लागायचं.

जावई ट्रकच चालवायचा आणि त्या दिवशी त्याचा माल काकीनेच बांधला होता. लेकीचं घर त्याच्या वाटेवर होतं. काकी पुढे त्याच्या शेजारी बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत लेकीच्या खिडक्यांसाठी शिवलेले पडदे. जावई एरवी बोलका. आज नुसता घसा खाकरत होता आणि सारखा आरशात बघत होता. तेही एकाच आरशात, अड्ड्यावर भिंतीकडे असते त्या बाजूच्या.

"काय हो जावईबापू, सासू शेजारी बसली म्हणून वाचा बसली का?"

"नाही आई, गाडी जड आहे आज."

"गाडी रोजच जड असते. आणि इतकी हळू का चालवताय? ती म्हातारी बघा, काठी टेकत पुढे गेली आपल्या."

जावई हसला, पण ओठांपुरतं. गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, तरी त्याने वेग धरला नाही. पुढे रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली पाण्याचा नळ होता. माल भरून निघालेला प्रत्येक ड्रायव्हर तिथे थांबून पट्टे बघायचा, कारण रस्त्याच्या हादऱ्यांनी माल बसतो आणि पट्टा सैलावतो. नियमच तसा होता. छप्पर दिसायला लागलं तसा जावई म्हणाला,

"आज न थांबता पुढे जाऊ या का? उशीर होतोय. जरा पुढे गेल्यावर बघतो मी."

"उशीर? आत्ता म्हातारीच्या मागे राहिलात तेव्हा नव्हता होत?" काकी सरळ होऊन बसली. "पहिल्या नळावर थांबायचं म्हणजे थांबायचं. तुमचे सासरे असते तर कान धरून उतरवलं असतं तुम्हाला."

जावयाने एक लांब श्वास सोडला आणि गाडी कडेला घेतली.

छपरापाशी आधीच एक ट्रक उभा होता. काकीनेच सकाळी बांधून दिलेला, लंबूचा. लंबू म्हणजे अड्ड्यावरचा सगळ्यात उंच ड्रायव्हर. तो शीळ घालत, अगदी सवयीच्या हाताने, काकीचा एक पट्टा सोडत होता. सोडलेला पट्टा त्याने ढिगावरून उलटा फिरवला, खटका पलीकडे, काकांच्या बाजूला नेला आणि तिकडून ताणायला घेतला. मग एक पट्टा तसाच ठेवून त्याच्या पुढचा सोडायला आला.

जावयाची गाडी नीट थांबायच्या आत काकी खाली उतरली.

"ए लंबू! माझे पट्टे कुणाला विचारून सोडतोयस?"

लंबूची शीळ अर्ध्यावर तुटली. त्याने खटका पाठीमागे लपवला, एवढा मोठा लोखंडी खटका. आणि जावयाकडे बघितलं. जावई खिडकीत डोळे मिटून बसला होता.

"त्यांच्याकडे काय बघतोस? ते वकील आहेत का तुझे?"

"काकी, ते... माल जरा बसला होता."

"बसला तर ताणतात, सोडत नाहीत. आणि खटका तिकडे कशाला नेलास? बोल ना. एरवी चहाच्या टपरीवर तुझं तोंड बंद करायला झाकण लागतं."

जावई खाली उतरला, दोन पावलं आला आणि थांबला.

"आई, मला हवं तेवढं रागवा. पण एकदा माझ्या गाडीच्या त्या बाजूला जा आणि हात मारून बघा."

"मी बांधलेल्या पट्ट्यावर?"

"हो."

"म्हणजे आता जावयाने सासूची परीक्षा घ्यायची."

"घ्यायची नव्हती. म्हणूनच आजपर्यंत गप्प राहिलो."

काकी गेली. रागाच्या तिरीमिरीत गेली, म्हणूनच जाऊ शकली. पहिल्याच पट्ट्यावर तिने असा काही तळहात हाणला की दुसऱ्या कुणाला लागता तर कळवळला असता. पट्टा घुमला नाही. ओल्या गोणपाटावर बसावा तसा हात थपकन बसला. तिने दुसऱ्यावर मारला. तिसऱ्यावर मारला, तो नुसता कुरकुरला. शेवटचा तर इतका सैल होता की बोटं पट्ट्याखाली सरळ आत गेली आणि पलीकडच्या थंड लोखंडाला टेकली.

ती तशीच उभी राहिली, बोटं आत घालून.

ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? चादरीची गोष्ट तीच सांगायची जगाला. सगळ्या खटक्यांची ओढ एकाच अंगाला, दुसरं अंग उघडं. हे तिने किती जणांना शिकवलं, किती जणांना त्यावरून फाडून खाल्लं. आणि रोज सकाळी, सगळं कळत असताना, तिने तेच केलं होतं, फक्त ह्या बाजूला उभं राहायला नको म्हणून.

"कधीपासून?" तिने विचारलं. ढिगाआडून बाहेर आली नाही.

जावयाचा आवाज पाइपांपलीकडून आला. "तुम्ही एकट्या बांधायला लागलात, त्याच्या पुढच्या आठवड्यापासून. टेकडीच्या वळणावर माझा वरचा एक पाइप सरकला. टोक बाहेर आलं. मी तिथेच थांबवली गाडी, कसाबसा आवळला. मागून एक बाई सायकलवर येत होती, पुढे पोरगी बसवलेली. काही झालं नाही, आई. पण तेव्हापासून इथे थांबून आम्ही एक सोडून एक पट्टा फिरवून घेतो."

"आम्ही म्हणजे?"

"सगळेच."

"आणि मुकादम?"

"त्याला परवा कुणीतरी सांगितलं. साहेबांचा निरोप-बिरोप काही नाही. तो त्याचाच निरोप आहे. तुमच्यासमोर स्वतःच्या नावावर सांगायची छाती झाली नाही त्याची."

"मग मला कुणीच का नाही सांगितलं?"

ह्याचं उत्तर लंबूने दिलं, लांबूनच. "काकी, सांगायला पुढे होणार कोण? चिठ्ठ्या टाकल्या होत्या आम्ही. ज्याच्या नावाची निघाली, तो आजारी पडला."

दुसरी वेळ असती तर काकी हसली असती. इतके दिवस तिला वाटायचं, अड्डा आपल्याला भितो, आणि ते तिला मनातून आवडायचं. भीत कसले होते? कीव करत होते. एवढे मोठे आडदांड बाप्ये रोज ह्या छपराखाली थांबून तिचं काम गुपचूप सोडून पुन्हा बांधत होते, आणि परत येऊन "काकी, तुमच्या हाताला तोड नाही" म्हणत होते. सकाळी तिने एक तरी पाइप दाखव म्हणून केवढ्या तोऱ्यात विचारलं होतं! आणि ते चपलांकडे बघत होते. काकीचे कान तापले. आणि त्या तापलेल्या कानांत, कधी न बघितलेल्या सायकलची घंटी वाजायला लागली. ती काही थांबेना.

मग ती म्हणाली, "जावईबापू, माझ्या जागेवर उभे राहा."

"कुठे?"

"मी उभी असते तिथे. रस्त्याच्या बाजूला. मी इथेच आहे."

जावई उभा राहिला. काकीने एक पट्टा सोडवून घेतला, फिरवला, खटका स्वतःकडे आणला, ताणला. जावयाने त्याच्या बाजूचा ताणला. मग तिने जावयाकडे खटका असलेल्या पट्ट्यावर हात मारला. आता हाक द्यायची होती. काका असेच उभे राहायचे. समोर पाइपांची काळी तोंडं, बायको दिसत नाही, नुसता तिचा आवाज. इथून ते रोज तिचं ऐकायचे.

"मुका," ती म्हणाली.

इतकं हळू की जावयाने विचारलं, "काय म्हणालात?"

"मुका म्हणाले! कान तपासा आधी!"

आणि बोलून झाल्यावर तिला मागच्या चाकाला टेकावं लागलं. जावई पलीकडे मुकाट्याने खटका ताणत होता, कडकड, कडकड. त्याला काही दिसलं नाही. मधे ढीग असल्याचा हा एक फायदा.

सगळे पट्टे दोन्हीकडून बोलल्यावरच गाडी हलली. लंबूचे उरलेले पट्टेही तिने त्याला फिरवू दिले नाहीत, स्वतः फिरवले. "तू शीळ घाल," म्हणाली, "तेवढंच नीट जमतं तुला."

लेकीने दारातच नवऱ्याचं तोंड बघितलं, मग आईचं, आणि काय झालं ते ओळखलं. घर छान होतं. फरशी अजून चुन्याच्या वासाची, भिंतींवर एक खिळा नाही. मागच्या बाजूला एक खोली, तिथे नवी कोरी गादी आणि स्वच्छ उशी.

"ही तुझी," लेक म्हणाली. "आता ते पट्टे बिट्टे पुरे झाले, आई. राहा इथेच."

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तूही गप्प?"

"काय सांगणार होते मी? बाबांच्या जागी कुणी उभं राहिलेलं तुला चालत नाही. मी घरी येते तेव्हा पलंगावरचे ते कपडे उचलायला माझाही हात धजत नाही."

काकीच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. तिच्या तोंडाशी उत्तर कधी येत नाही असं होत नसे. पण ते तिने गिळलं आणि पडदे लावायला उठली.

जावई माल उतरवून येईपर्यंत ती त्या खोलीत बसून राहिली. गादी मऊ होती. लेक स्वयंपाकघरात भांडी आवरत होती, तिचा आवाज बंद दारातून अगदी बारीक येत होता. इथे कुणी तिच्या वाटेला गेलं नसतं, कुणी तिला दुखवलं नसतं, चहा हातात आला असता. पण ह्या खोलीला पलीकडची बाजूच नव्हती. चारही अंगांनी आपणच. जावयाचा ट्रक रिकामा खडखडत आला तेव्हा ती पिशवी घेऊन दारात उभी होती.

"राहत नाहीस?" लेकीने विचारलं.

"येईन पुन्हा. पडदे धू मात्र थंड पाण्यात, नाहीतर आटतील आणि नाव माझं घेशील."

घरी आल्यावर तिने पलंगावरच्या कपड्यांच्या एकेक करून घड्या घातल्या आणि ते कपाटात लावले. मग नळाखालचं भांडं ओतलं आणि परत ठेवलं. पलंग केवढा रुंद होता, ते ती विसरून गेली होती. ती झोपली आपल्याच बाजूला. मधे कधीतरी कूस बदलली तेव्हा हात सरळ गेला, काही लागलं नाही, आणि तो तिने तिथेच राहू दिला.

सकाळी मुकादम पिंपाआड उभा राहून तिची वाट बघत होता.

"बाहेर ये," काकी म्हणाली. "आणि साहेबांना माझा निरोप सांग. तुझ्याच कानात राहतात ना ते? म्हणावं, बुलबुलला गोदामातून बोलवा."

मुकादम धावत सुटला.

बुलबुल आला तो हातमोजे घालत, घाबरत, आणि सरळ भिंतीच्या बाजूला निघाला. काकीने त्याला दंडाला धरून थांबवलं.

"तिकडे नाही. तिकडे मी. तू इथे, रस्त्याच्या बाजूला. ही जागा माझी होती, पाय नीट ठेव. आणि हे बघ, गुणगुणायचं तर गुणगुण. मला काय त्याचं."

ती ढिगाला वळसा घालून गेली. भिंतीवर काकांनी कधीतरी हातमोजे अडकवायला ठोकलेला खिळा होता. काकीने त्याला आपलं डोक्याचं फडकं अडकवलं. वरून पट्टा आला, तिने झेलला, ताणला. आलटून पालटून सगळे झाले. चहा पिणारे ड्रायव्हर आज चहा प्यायचे थांबले होते.

पलीकडून बुलबुलने तिच्या पट्ट्यावर हात मारल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

"काय झालं?" काकी ओरडली. "हाक दे. गाणी म्हणताना तोंड उघडतं ना?"

"काकी..."

"काकी काय? बोलला की नाही?"

"मुका," तो म्हणाला.

अख्खा अड्डा श्वास धरून उभा राहिला. मुकादम तर दोन पावलं मागे सरला. काकीच्या जिभेवर काय काय येऊन गेलं ते तिचं तिला माहीत. तिने दांडा धरला आणि एक दात चढवला.

"आता?"

थाप. "मुका."

आणखी एक दात. खांद्यातून कळ गेली. "आता?"

तिने मोकळा तळहात आपल्या बाजूच्या पट्ट्यावर ठेवला आणि थांबली. बुलबुलने तिकडे थाप मारली, आणि ती थरथर पट्ट्यातून, पाइपांवरून, टायरच्या तुकड्यांवरून चढून उतरून तिच्या हातापर्यंत आली. अशीच यायची. हात कुणाचा, ते पट्ट्याला कळत नाही.

"बोलला," पलीकडून आवाज आला, परका, थोडासा सुरातला.

थरथर पुरती विरेपर्यंत काकीने हात उचलला नाही. मग ती पुढच्या पट्ट्याकडे सरकली.